हौदाचं उदाहरण

मालन शिवलकर आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, रत्नागिरीहून सकाळच्या पहिल्या पूर्णगड गाडीनं जायची. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सुतळीनं बांधलेला जाड कागदांचा गठ्ठा ती मांडीवर आडवा धरून बसे, आणि गाडीत कितीही दाटी झाली तरी त्यावर कुणाचं कोपर टेकू देत नसे. एकदा एका कंडक्टरनं विचारलं होतं, "बाई, इतकं जपताय, आहे तरी काय त्यात?"

"सातवीचा भूगोल," मालन म्हणाली. त्यानं वाकून पाहिलं. कोऱ्या कागदावर नुसत्या बारीक पुटकुळ्या उठल्यासारख्या दिसत होत्या. तो हसला आणि पुढच्या सीटचं तिकीट फाडायला लागला.

आंधळ्या मुलांना घरी न ठेवता, लांबच्या वसतिगृहातही न धाडता, गावच्याच शाळेत डोळस मुलांबरोबर शिकवायचं अशी एक सरकारी योजना त्या सुमाराला जिल्ह्यात आली होती. त्या योजनेतली मालन ही फिरती शिक्षिका. रत्नागिरीतल्याच मांडवीची मुलगी, वडील बोटीवर खलाशी, डी.एड. झालेली. मुंबईला वर्षभर राहून ब्रेल शिकून आली आणि त्र्याऐंशीच्या जूनमध्ये कामाला लागली. तालुक्यात तिच्या वहीत सात मुलं होती. कुणी पावसला, कुणी जयगडच्या वाटेवर. त्या सातांत राही डोर्लेकरसारखं दुसरं कुणी नव्हतं. हे ती तोंडानं कधी बोलली नाही, पण पूर्णगडची गाडी तिनं तीन वर्षांत एकदाही चुकवली नव्हती.

राही चार वर्षांची असताना तिला गोवर आला. अंगावरचा गोवर गेला, पण जाताना दोन्ही बुबुळांवर पांढरं टाकून गेला. पुढं तिचा बाप समुद्रावर गेला तो परत आला नाही. आई सखू डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव हिंडायची, म्हणून राहीला शेजारच्या मुलींबरोबर प्राथमिक शाळेत नेऊन बसवत. हजेरीत नाव होतं, पाटी-पेन्सिल नव्हती. आरोग्याच्या नर्सबाईनं मालनला तिची खबर दिली तेव्हा पोर अकरा वर्षांची होती आणि चौथीच्या सगळ्या कविता तिला तोंडपाठ होत्या. सहा टिंबांची ती लिपी मालननं तिच्या हातात दिली. इतर मुलांना वर्ष लागायचं, राही गणपतीला शिकायला बसली ती शिमग्याला वाचायला लागली.

सातवीपर्यंत काही अडलं नाही. शाळा सरकारी, बाई सरकारी. आठवीला मात्र गावावरच्या कातळाच्या माळावर, सड्यावरच्या हायस्कुलात जायला हवं होतं, आणि ते हायस्कूल गावच्या मंडळाचं होतं. मास्तरांचे पगार सरकारी अनुदानातून यायचे, पण शाळा खाजगी. तिथं सरकारी बाईनं पाऊल टाकायचं तर मंडळाची परवानगी लागे.

मुख्याध्यापक साळवी सरांनी तिचा अर्ज दोनदा वाचला. मनुष्य सावध होता, वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, तुम्ही सरकारच्या, शाळा मंडळाची. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तुम्हाला मी काही बोलू शकत नाही आणि तुमचे साहेब आम्हाला काही बोलू शकत नाहीत."

"काय होणार आहे, सर? मुलगी वर्गात बसेल. मी आठवड्याचे दोन दिवस येईन. पुस्तकं मी टोचून देईन. तिचे पेपर ब्रेलमध्ये असतील, ते मी साध्या अक्षरात उतरवून तुमच्या शिक्षकांना देईन. ते तपासतील. बस, इतकंच."

"इतकंच म्हणता खरं," साळवी सर म्हणाले, आणि त्यांनी अर्ज मंडळाचे अध्यक्ष काशीराम शेट यांच्याकडे पाठवला.

काशीराम शेट हे आंब्याच्या बागांचे मालक. शाळा बांधली तेव्हा त्यांनी स्वतःच्या बैलगाडीतून खाणीवरचे चिरे वाहिले होते, भिंतीतला कुठला चिरा कुठल्या वाडीनं दिला हे ते अजून बोट दाखवून सांगत. राहीचं नाव ऐकल्यावर म्हणाले, "आपल्या धाकूची ना ती? बुडालेल्या माणसाची पोर. घ्या." आणि ती शाळेत आली. मालनला प्रयोगशाळेमागची खोली मिळाली. तिथं कवायतीच्या लाकडी काठ्या आणि पंधरा ऑगस्टचा झेंडा ठेवलेला असे. त्या काठ्या एका कोपऱ्यात रचून तिनं आपली चटई घातली.

वर्ष तसं बरं गेलं. इतिहासाच्या बाई राहीला धडा मोठ्यानं वाचायला लावत आणि वर्ग ऐकत बसे. गणिताचे घाणेकर सर तेवढे तिच्यापासून लांब राहत. वीस वर्षं फळ्यावर शिकवलेला माणूस. फळा न दिसणारी मुलगी समोर बसली की त्यांना आपलं बोलणं तोकडं वाटे आणि त्याचा राग येई. "बीजगणित एक वेळ ठीक आहे," ते शिक्षकांच्या खोलीत म्हणायचे. "पण डोळ्यांवाचून गणित होत नसतं." मालननं हे ऐकलं होतं. पोरीनंच एक दिवस उत्तर द्यावं असं तिला वाटत होतं, आणि त्या दिवसाची ती जरा जास्तच वाट बघत होती.

अडचण होती ती कागदाची. ब्रेलला जाड कागद लागतो, साध्या कागदावर टोचणी आरपार जाते. योजनेतून वर्षाला कागद यायचा तो त्या साली दिवाळीनंतर आलाच नाही. मालननं कार्यालयात चार अर्ज केले. "मागणी वर पाठवली आहे" हे उत्तर चारही वेळा आलं. मग ती जुनी कॅलेंडरं मागून आणायला लागली. पोस्टातल्या ओळखीच्या माणसानं जाड फॉर्म दिले. मांडवीच्या घरात लग्नपत्रिका आली की आधी ती कागद चिमटीत धरून बघायची.

वार्षिक परीक्षेला, सत्याऐंशीच्या एप्रिलात, तिनं प्रत्येक पेपराला पुरतील असे कागद वेगळे बांधून ठेवले. गणिताचा पेपर शेवटचा होता. राही प्रयोगशाळेमागच्या खोलीत बसून टोचत होती, टक् टक् टक्, आणि घाणेकर सर दारातून दोनदा डोकावून गेले. वेळ संपायला दहा मिनिटं असताना राहीनं हात पुढं केला.

"बाई, कागद."

मालननं गठ्ठा चाचपला. गठ्ठ्यात कागद नव्हता. राहीनं एक उदाहरण चुकलं म्हणून पुन्हा सोडवलं होतं आणि त्यात एक पान जादा गेलं होतं.

"किती राहिलंय?"

"शेवटचं एकच. हौदाचं. मला येतंय."

मालन धावत कचेरीत गेली. शिपाई म्हणाला, जाड कागद कपाटात आहे, पण चावी साळवी सरांकडे आणि सर पावसला गेलेत. ती परत येईपर्यंत घंटा झाली होती.

ती आणि राही गाडीच्या थांब्यापर्यंत बरोबर चालत गेल्या. ऊन असं होतं की सड्यावरचा कातळ चपलेतून पोळत होता. राहीनं तिचा दंड धरला होता. वाटेत पोर आपणहून म्हणाली, "एक नळ वीस तासांत भरतो, दुसरा तीस तासांत. म्हणजे तासाला एकाचा विसावा भाग नि दुसऱ्याचा तिसावा. दोन्ही मिळून बारावा. हौद बारा तासांत भरतो. बरोबर ना, बाई?"

"बरोबर," मालन म्हणाली.

"मग ते गेलंच ना माझं?"

गाडी लांबून दिसायला लागली होती. "बघू," ती म्हणाली.

घरी तिनं राहीचे पेपर उतरवायला घेतले. बोटानं ब्रेल वाचायचं आणि उजव्या हातानं फूलस्केपवर लिहायचं. सगळं अक्षर न् अक्षर उतरवलं. राहीची चूक होती तिथं चूकही उतरवली. शेवटी ती थांबली. पोरीला उत्तर येत होतं. आपण स्वतः ऐकलं होतं. कागद सरकारनं दिला नाही, त्यात तिचा काय गुन्हा? मालननं प्रश्नाचा आकडा घातला आणि राहीनं चालता चालता सांगितलं होतं तस्संच हौदाचं उदाहरण लिहून टाकलं. तिला त्यात खोटं काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला समाधान वाटलं.

निकाल लागला. गणितात राही वर्गात पहिली आली.

मेच्या पहिल्या आठवड्यात साळवी सरांचा निरोप घेऊन शाळेचा शिपाई लवू मांडवीला घरी आला. घाणेकर सरांनी लेखी तक्रार केली होती: मुलीचा पेपर तिचा नसून बाईंचा आहे. मंडळाची सभा शनिवारी आहे. राहीला बोलावलंय, तुम्हीही या, मूळचे ब्रेल कागद घेऊन या. "आणि सर म्हणाले," लवू चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "कागद तपासायला मुंबईला धाडायचे म्हणून. तिथल्या अंधशाळेत."

मूळ कागदांत हौदाचं उदाहरण नव्हतं.

सरळ रस्ता समोर होता. जायचं आणि सांगायचं, कागद संपला, उत्तर मी तोंडी ऐकून लिहिलं. पण सांगितलं की दुसरा प्रश्न येणार: आणखी काय काय तोंडी ऐकून लिहिलंत? बाकीच्या एकवीस पानांवरही मग कुणी विश्वास ठेवणार नव्हतं. दोन दिवस तिनं हे मनात घोळवलं. शुक्रवारी सकाळी ती गाडीत बसली तेव्हा तिच्या पिशवीत ब्रेलची पाटी, टोचणी आणि एका लग्नपत्रिकेचा कोरा मागचा भाग होता.

सखू मासळी घेऊन गेली होती. राही पडवीत एकटीच होती. मालन तिच्यापाशी बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "राही, ते हौदाचं उदाहरण यावर टोचून दे."

"आता?"

"हो."

"कशाला, बाई? परीक्षा झाली ना?"

"मी ते पेपरात लिहिलंय. तू सांगितलं होतंस तसं. मूळ कागदात नसेल तर ते म्हणतील सगळंच मी लिहिलं."

राहीनं पत्रिकेची कड चाचपली. मग म्हणाली, "पण मूळ कागदात नव्हतंच ना."

"उत्तर तुझंच आहे ना? तुला येत होतं ना?"

"येत होतं."

"मग टोच."

राहीनं पत्रिका पाटीत अडकवली आणि टोचायला लागली. नेहमी टोचताना ती तोंडानं पुटपुटायची, त्या दिवशी पुटपुटली नाही. झाल्यावर कागद पुढं करून म्हणाली, "उद्या मला काही विचारतील काय?"

"वाचायला सांगतील. वाच. बाकी काही बोलायला नको."

सभा शाळेच्या कचेरीत झाली. वीज गेली होती. टेबलापलीकडे काशीराम शेट आणि मंडळाचे दोघे, बाजूला साळवी सर, घाणेकर सर. दाराशी स्टुलावर राही, तिच्या मागं पदराचं टोक तोंडाशी धरून सखू उभी. मालनला खुर्ची दिली होती.

काशीराम शेटांनी आधीच सांगून टाकलं, "हे बघा, मला कुणाचं वाईट करायचं नाही. पण आपण दहावीचं केंद्र मागितलंय. पोरं परीक्षेला पावसला जातात, परक्याच्या पडवीत झोपतात. ते केंद्र इथं यायचं असेल तर आपल्या शाळेवर कॉपीचा डाग नको. मग तो डाग एका पेपराचा का असेना. घाणेकर, तुम्ही साधा कागद धरा. बाय राही, तू तुझा वाच."

राहीनं पहिला कागद मांडीवर घेतला. बोटं कागदावरून सरकू लागली आणि ती वाचू लागली. घाणेकर सर ओळीवर पेन्सिल ठेवून ऐकत होते. पहिलं पान संपलं. दुसरं संपलं. राहीनं एक चूक वाचली, घाणेकरांच्या कागदावरही तीच चूक होती. पाचव्या पानाला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. दहाव्या पानाला ते पुढं वाकून पोरीच्या बोटांकडं बघत होते. वीस वर्षांत आपल्या विषयात असं बघण्याजोगं त्यांना काही मिळालं नसावं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"बरोबर आहे," ते शेवटी साळवी सरांकडं वळून म्हणाले. आवाज खाली आला होता. "शब्दन् शब्द बरोबर आहे. माझी तक्रार..." ते थांबले. "एवढं शेवटचं पान होऊ दे."

सखूनं पदराचं टोक सोडलं.

राहीनं शेवटचा कागद हातात घेतला. लग्नपत्रिकेचा. पहिल्या ओळीवरून बोट गेलं. "प्रश्न सातवा," ती म्हणाली. "एक नळ..." आणि थांबली.

"वाच, गो," काशीराम शेट म्हणाले. "घाबरतेस कशाला? आतापर्यंत छान वाचलंस."

"शेट, हे परीक्षेतलं म्हणून वाचायचं काय?"

"म्हणजे?"

राहीनं मान वळवली. मालनची खुर्ची कुठं आहे ते तिला आवाजावरून माहीत होतं. ती बराच वेळ तिकडं तोंड करून बसली. मालनला वाटलं आपण आता काहीतरी बोलावं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"हे मी काल टोचलं," राही म्हणाली.

मग राहीच घाईघाईनं सांगू लागली, "पण उत्तर माझंच आहे, सर. परीक्षेच्या दिवशी कागद संपला. मी बाईंना वाटेत तोंडी सांगितलं. बारा तास. विसावा अधिक तिसावा, म्हणजे साठांतले पाच भाग, म्हणजे बारावा. मला येत होतं."

"येत होतं," घाणेकर सर म्हणाले. त्यांना ते कळत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते मालनकडं वळले. "बाई, मला त्याच दिवशी सांगितलं असतंत तर मी थांब्यावर येऊन तिचं तोंडी घेतलं असतं. पाच मिनिटांचं काम होतं."

"चूक माझी आहे," मालन म्हणाली. "मुलीचा काही दोष नाही. मी तिला सांगितलं टोचायला."

"तेच तर," काशीराम शेट म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांचा आवाज दुखावल्यासारखा झाला होता. "उत्तराचं कुणी विचारत नाही, बाई. काल इथं गावात येऊन पोरीकडून खोटा कागद करून घेतलात. तुम्ही सरकारची माणसं. उद्या हे वर कळलं तर केंद्र राहिलं बाजूला, शाळा आमची बदनाम होईल. तुम्ही काय, दुसऱ्या गाडीनं दुसऱ्या गावाला जाल."

बाहेर पडताना मालननं राहीच्या खांद्याला हात लावला. पोरीनं खांदा काढून घेतला नाही, पण तिचा दंडही धरला नाही. सखूनं राहीचा हात धरला आणि दोघी सड्यावरून उतरून गेल्या.

जूनमध्ये मंडळाचा ठराव कार्यालयात आला: संस्थेस सदर योजनेतील शिक्षिकेची सेवा नको आहे. मालन साहेबांना भेटली. साहेबांच्या पुढं ठराव उघडा होता. ते म्हणाले, "खाजगी संस्था आहे, बाई. आपण देऊ शकतो, घ्याच म्हणू शकत नाही. आणि तुम्ही तर त्यांना कारणच देऊन ठेवलंत."

"दुसरी बाई पाठवा, सर. मी नको तर नको. मुलीचं काय?"

"जिल्ह्यात दुसरं कोण आहे?" साहेब म्हणाले. दुसरं कुणीच नव्हतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

पावसाळा उघडायच्या आत मालनची बदली झाली. खेड तालुक्यातल्या एका गावात साधी प्राथमिक शिक्षिका म्हणून. ती जागा रिकामी राहिली आणि मार्चला योजनेतून कमी झाली. वहीतल्या उरलेल्या सहा मुलांचं काय झालं, हे तिला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळत राहिलं. जयगडच्या वाटेवरचा एक मुलगा देवळाच्या पायरीवर बसतो असं कुणीसं सांगितलं, तेव्हा ती चार दिवस नीट जेवली नाही.

साळवी सरांनी राहीचं नाव कापलं नाही. "येऊ दे, बसू दे," ते म्हणाले. "परीक्षेचं मात्र आमच्यानं होणार नाही." राही नववीच्या वर्गात महिनाभर गेली. पुस्तक नव्हतं, कागद नव्हता. ऐकायची आणि घरी यायची. मग एक दिवस गेली नाही. मालन मधे एकदा मुंबईच्या अंधशाळेचा अर्ज घेऊन गेली होती. सखूनं तिला पडवीच्या पायरीवरच थांबवलं.

"बाई, तुमी वायट नाय, ते मला कळतंय," सखू म्हणाली. "पन तुमी तिला शिकवलंत, मग तिलाच खोटं करायला लावलंत. पोर चार रोज जेवली नाय. म्हनते, मी बाईंचं वाटोळं केलं. आता मुंबईला धाडून मी एकटी काय करू? तिथं हिला कोन बघनार? नको. तुमी येऊ नका."

आतून राहीची चाहूल लागत होती. ती बाहेर आली नाही. मालननं अर्ज पायरीवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर एक दगड ठेवला आणि ती परत आली.

दीड वर्ष गेलं. एकोणनव्वदच्या शिमग्याला मालन रजा घेऊन मांडवीला आली होती. बाजारात तिला पूर्णगडची एक ओळखीची मासळीवाली भेटली. सखू हिवाळ्यात गेली म्हणाली, ताप आला आणि तिसऱ्या रोजी गेली. राहीला मावशीनं इकडं आणलंय, बंदरावरच्या कोळंबीच्या शेडमध्ये सोलायला जाते. "आंधळी म्हनून कोन म्हनेल?" ती कौतुकानं म्हणाली. "डोळसांच्या पुढं हात चालतो तिचा."

मालन घरी गेली. जुन्या पेटीतून तिनं एक कागद काढला. राही सहावीत असताना तिच्यासाठी टोचलेली, पण द्यायची राहून गेलेली एक गोष्ट होती त्यावर. ती बंदराकडं निघाली.

पत्र्याच्या शेडमध्ये चाळीसएक बाया ओल्या जमिनीवर पाटांवर बसल्या होत्या. मधोमध बर्फात मिसळलेल्या कोळंबीचे ढीग. सगळीकडं पाणी आणि उग्र वास. राही दुसऱ्या रांगेत होती. उंच झाली होती, गालाची हाडं वर आली होती. बर्फातून कोळंबी उचलायची, डोकं मोडायचं, साल ओढायची, सोललेली टोपलीत टाकायची. तिचे हात खरंच डोळसांच्या पुढं चालत होते.

"राही," मालननं हाक मारली.

हात थांबले. "बाई?" ती उठली, पदराला हात पुसत बाहेर दाराशी आली. दोघी उन्हात उभ्या राहिल्या. आईचं ऐकलं, मालन म्हणाली. राही हो म्हणाली. मग मालननं कागद तिच्या हातात दिला.

"तुझ्यासाठी आणलंय. वाच."

राहीनं कागद घेतला. तिच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. तिनं उजव्या हाताच्या दोन चिंध्या दातांनी सोडल्या. खालची कातडी पाण्यात भिजून पांढरीफटक पडली होती, टोकांना चिरा गेल्या होत्या, कोळंबीचे काटे रुतून जागोजाग पिकलं होतं. तिनं ते बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. सरकवलं. परत मागं आणलं. पुन्हा सरकवलं. कपाळाला आठी पडली. मग डावं बोट लावून बघितलं.

"टिंबं आहेत एवढं समजतं," ती म्हणाली. "कुठली ते लागत नाही. बर्फानं बधिर झालीत."

"थोडे दिवस काम थांबवलंस तर..."

"थांबवून खायचं काय?" राही म्हणाली. त्यात राग नव्हता. तिनं कागदाची नीट घडी घातली आणि परत दिला. "तुमच्याकडंच ठेवा. इथं भिजेल."

"राही, तू त्या दिवशी खरं बोललीस ते बरोबर होतं."

"माहीत आहे मला." "तेव्हा वाटायचं, गप्प बसले असते तर तुम्ही राहिला असतात. मी दहावीला बसले असते. आई होती तोवर, खूप दिवस तेच वाटायचं. आता नाही वाटत. तुम्ही मला ते करायला सांगायलाच नको होतं."

"हो," मालन म्हणाली. "नको होतं."

"आता कुठं असता, बाई?"

"खेडकडं. प्राथमिक शाळेत."

"तिथं आहे कुणी माझ्यासारखं?"

मालननं तोंड उघडलं. दीड वर्षात ती त्या गावातल्या प्रत्येक वाडीत हजेरीच्या निमित्तानं हिंडली होती. एका घराच्या पडवीत एक मूल भिंतीला टेकून बसलेलं तिनं दोनदा पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा ती पायरीशी न थांबता पुढं गेली होती.

"असेल," ती म्हणाली. "मी विचारलं नाही."

राहीनं मान हलवली. आतून मुकादमानं हाक मारली, "ए राही, बर्फ वितळतोय!" ती चिंध्या पुन्हा बोटांना गुंडाळत वळली आणि दाराच्या चौकटीला हात लावून आत गेली. रांगेतली बाई सरकली, तिनं राहीला हाताला धरून पाटावर बसवलं. मालन उन्हात तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं तिनं कागद पिशवीत ठेवला आणि मांडवीची वाट धरली.